डबा तीन, दाराचा खटका

डबा क्रमांक तीनमध्ये फोनवर बोलायला बंदी आहे.
दारावर चित्रही आहे: ओठांवर बोट.
तरी कधीकधी सांगावं लागतं,
आणि ते सांगण्याचं काम माझं.
अकरा वर्षं मी या मार्गावर तिकिटं तपासते,
कायानी ते ओउलू, ओउलू ते कायानी.
बाहेर बर्फ, आत लोकरीचे मोजे
आणि मधे मी, हळू आवाजात दटावणारी.

दटावायचीही एक रीत असते.
आधी नुसतं जवळ जाऊन उभं राहायचं.
मग खिडकीकडे बघत, जणू बर्फालाच सांगतोय,
असं म्हणायचं: फोनसाठी पलीकडे खोली आहे.
माणसं ओशाळतात. कानाच्या पाळ्या लाल होतात.
आमच्याकडे कुणाला लाजवायला
फार शब्द लागत नाहीत.

मंगळवारी पाल्टामोला चढलेला म्हातारा
लाजला नाही.
फोन तळहातावर आडवा, पावाच्या तुकड्यासारखा,
स्पीकर चालू,
आणि आवाज पैलतीरावरच्या माणसाला हाक मारावी तसा:
"लेम्पी! मी ताइस्तो! ताइस्तो!"
पलीकडून बाईचा आवाज आला: "कोण?"

सगळ्या डब्याने ऐकलं ते "कोण".
मोजे विणणाऱ्या मुलीची सुई टाक्यातच थांबली.
सैन्यातून सुट्टीवर निघालेल्या पोराने
हातातल्या मोबाइलमध्ये आणखी खोल मान घातली.
मोबाइलचा पडदा तर केव्हाच काळा झाला होता.

मी जवळ जाऊन उभी राहिले. बर्फाला सांगितलं.
तो मुकाट उठला, टोपी मात्र जागेवर ठेवली,
परत येणारा माणूस ठेवतो तशी.

खोली कसली, कपाटच ते.
एक स्टूल, एक दिवा, काचेचं दार.
त्याचे गुडघे आत मावेनात,
ते त्याने एकेक करून आत घेतले.
दार लागलं, आणि डबा पुन्हा नियमात आला.
काचेआड त्याचं तोंड हलत होतं,
गरम बटाटा खाताना हलतं तसं.

पण त्या दाराचा खटका सैल आहे.
ऑक्टोबरपासून तीनदा लिहून दिलंय मी.
गाडी डावीकडे वळली की दार चार बोटं उघडतं,
सरळ झाली की आपलं आपण मिटतं.
आणि पाल्टामोच्या पुढे रूळ तळ्याच्या कडेने जातात,
तळ्याला कुठली सरळ कड!

"...होडी विकली ना आपण. मागच्या वर्षी..."
मिटलं.
"...निळा. तो निळा घाल. वरच्या कप्प्यात..."
मिटलं.
"...नवरा. नाही, तुझाच..."

मग सरळ रूळ.
एवढा लांब सरळ रूळ त्या मार्गावर
मी आधी कधी पाहिला नव्हता.

कुणी मान वर केली नाही.
पुढच्या वळणाला
तो पोरगा उठला, संडासाकडे निघाल्यासारखा,
आणि वाटेतच थांबला.
काचेला पाठ लावली, खांदा दारावर टेकवला,
बूट जमिनीत रोवले
आणि हातातल्या काळ्या पडद्यावर
अंगठा फिरवत राहिला.
गाडी वळली. दार हललं नाही.

वाटेत उभं राहायला मनाई आहे.
मी त्याच्या बाजूने अंग चोरून गेले,
दोनदा.

मुहोस यायला दहा मिनिटं होती तेव्हा म्हातारा बाहेर आला.
पोरगा बाजूला झाला.
"फार मोठ्याने बोललो का रे?"
"मला काही ऐकू आलं नाही," पोरगा म्हणाला.
"आम्हालाही नाही," सुईवरची नजर न काढता मुलगी म्हणाली.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.
म्हातारा टोपी उचलून तिच्या जागी बसला.
ओउलू येईपर्यंत फोन कोटाच्या आतल्या खिशात
आणि खिशावर हात.

रात्री मी चौथा अर्ज भरायला घेतला.
डबा तीन. फोनची खोली. दाराचा खटका.
"कारण" या रकान्यापाशी पेन बराच वेळ थांबलं.
मग लिहिलं:
थंड वारा येतो.